गुळव्याची चव

कोल्हारजवळच्या एका गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. बहात्तरच्या दुष्काळाआधी मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटली की गुऱ्हाळावर जाऊन बसायचो. काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, उकळणारा रस शिजला की नाही, हे तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. "थांबा, अजून कच्चा बोलतोय," म्हणायचा.

पहिला गरम गूळ आल्यागेल्याच्या हातावर ठेवायचा, ही तिथली रीत. ती त्यानं कधी चुकवली नाही, पण स्वतः मात्र बोटही चाटायचा नाही. त्याला साखरेचा आजार होता.

"डाक्टर म्हनला, लई गोड खाल्लं असंल. आवो गुरुजी, ल्हानपनी घरात भाकर न्हवती. नुसत्या वासासाठी मी गुऱ्हाळावर येऊन बसायचो."

लहानपणी उपाशी राहिलेल्या शरीराला पुढं हा आजार लवकर गाठतो, असं फार वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं. तोवर हे ऐकायला तो राहिला नव्हता.

एकदा त्यानं माझ्या हातावर गूळ ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मी घाईनं खायला लागलो, तसा म्हणाला, "सावकाश खा, गुरुजी. मलाबी चव लागू द्या."