चंचीतली गोळी

दवाखान्याची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. तेरच्या आसपासच्या निम्म्या लग्नांत माइक माझ्याच हातात असतो, आणि नवरदेवाला उशीर झाला की लोकच म्हणतात, "मास्तर, ती दवाखान्याची होऊन जाऊ द्या." मग मी घाबरलेल्या नर्सची चाल चालून दाखवतो, पाण्याची बाटली सलाइनसारखी उंच धरतो, मांडव हसतो. मी सांगतोय ती ही गोष्ट नव्हे. तिच्या पोटात दुसरी एक आहे — ती गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलेली नव्हती. बायकोला अजूनही नाही. तिला न सांगितलेल्या गोष्टी तशा बऱ्याच आहेत, पण त्या तिला माहीत असतात. ही नाही.

आधी आत्या. मी लहान असताना आई गेली, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं मला वाढवलं. तिला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पान-तंबाखू बंद केली. आत्यानं ती सोडली, पण चंची सोडली नाही. कमरेची ती कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी रिकामी कशी ठेवायची? मग चुन्याच्या कप्प्यात सकाळची गोळी, सुपारीच्या कप्प्यात संध्याकाळची. पाकिटं फाडून सुट्या टाकलेल्या, नाव नाही की गाव नाही. मला त्याचं भारी कौतुक. आमची आत्या शुगरचा विडा खाते, असं सांगत फिरायचो.

चार वर्षांपूर्वी ताप आणि उलट्यांनी ती आडवी झाली. धाराशिवला एका खाजगी दवाखान्यात नेलं. सोबतीला मी. शाळेला सुट्टीच होती, आणि — खरं सांगू? — मला तिथं आवडलं. सहा खाटांचा वॉर्ड. कंटाळलेले पेशंट, त्यांच्याहून कंटाळलेले नातेवाईक. उठून जाऊ न शकणारे श्रोते. असा मांडव नशिबानं मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंगात आलो होतो. शाळा तपासायला साहेब आले आणि मी त्यांनाच उशिरा आलेला पालक समजून बाहेर उभं केलं, तो किस्सा. शेजारच्या खाटेशी शेखचाचा — परंड्याचे टेलर, बायकोला घेऊन आलेले — डोळे पुसत हसत होते. शेवट तोंडावर आला होता, एवढ्यात कांचन सिस्टर आल्या. नवीन होत्या. आवाज बारीक. म्हणाल्या, शुगरची गोळी आता आम्ही दिलीय, घरच्या गोळ्या बंद ठेवा.

मी काय केलं? हात वर केला. थांबा, असा. वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराला करतो तसा. त्या थांबल्यासुद्धा. मी शेवट सांगितला, वॉर्ड खदखदला, आणि हसू ओसरेपर्यंत त्यांना पुढच्या खाटेवरून हाक आली होती.

थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "दत्ता, माजी चुन्यातली दे की रं." सिस्टरनं दिलेली गोळी तापाची, अशी तिची समजूत.

आठवताना इथं मी दरवेळी अडतो. ‘घरच्या’, ‘बंद’ — शब्द माझ्या कानात होते. वीस पावलं चालायचं आणि विचारायचं, ताई, मघाशी काय म्हणालात? एवढंच होतं. पण म्हणजे मघाशी लक्ष नव्हतं, हे कबूल करायचं. आणि मी तर जन्मभर पोरांना विचारत आलोय — लक्ष कुठंय? मी चंची उघडली. एवढ्याशा गोळीनं काय होतंय?

खिचडी आत्यानं दोन घासांवर बाजूला सारली होती. अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम सुटला. मला ती ‘अण्णा’ म्हणू लागली — म्हणजे माझे वडील. मी त्याच्यावरही विनोद केला. मग ती बोलेचना. सगळ्यांत आधी धावत आल्या त्या कांचन सिस्टर. बोट टोचून शुगर त्यांनीच बघितली, ती पार खाली गेली होती; डॉक्टरांना हाक त्यांनीच मारली, शिरेतून साखरेचं पाणी सोडलं तेव्हा आत्याचा हात धरून त्याच उभ्या होत्या. हे मी माइकवर कधी सांगितलं नाही.

आत्यानं डोळे उघडले. डॉक्टरांनी मला विचारलं, घरची गोळी दिली का? दिली म्हणालो. तिथंच थांबलो असतो तर — पण थांबणारा माणूस मी नव्हे. मी ओरडलो. "देऊ नका म्हणून सांगितलं का आम्हाला कुणी?"

"सर, मी सांगितलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

मी वॉर्डाकडं वळलो. "ऐकलं का कुणी?" वर्गाकडून हवं ते उत्तर कसं काढायचं, हे मास्तरला शिकवावं लागत नाही. माना हलल्या. नाही. कसे ऐकतील? सगळे माझं ऐकत होते ना.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी शेखचाचा जवळ आले. हळूच म्हणाले, "मास्तर, बोली थी वो. मैं सुना." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि टेलर लोकांच्या कानावर काहीतरी विनोद केला. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कांचन सिस्टर नव्हत्या. काढलं, असं आया म्हणाली. पुढच्याच लग्नसराईत मी त्यांची चाल चालून दाखवली. टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात आत्याच्या पायाला ठेच लागली. जखम चिघळली, कडा काळ्या पडू लागल्या. भरती करा नाहीतर पाय जाईल, डॉक्टर म्हणाले. आत्या हलेना. "त्या बयेनं मारलीच हुती मला. न्हाय जायाची म्या." किती समजावलं. पण तिला हे शिकवलं कुणी? एकच गोष्ट इतक्या मांडवांत ऐकल्यावर ती दुसरं काय म्हणणार?

मग मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. हातवारे नाहीत, चाल नाही. ती ऐकत राहिली.

"त्या पोरीला म्या बी हसले की रं," ती म्हणाली. "तुज्या मांडवात बसून."

मग कमरेची चंची सोडून तिनं माझ्यापुढं टाकली. "गाडी बोलव."

त्याच दवाखान्यात नेली. चंची ड्युटीवरच्या सिस्टरच्या टेबलावर उलटी केली, कुठली गोळी कधीची ते सांगितलं. मागं काय घडलं होतं तेही सांगितलं, आणि माझ्या सहीनं लिहून दिलं. कांचन सिस्टर आता कुठं आहेत, तिथं कुणाला माहीत नाही. आत्याचा पाय राहिला. एक बोट गेलं.

पुढच्या आठवड्यात तेरला लग्न आहे. माइक माझ्याकडं आहे. कुणीतरी म्हणेलच, मास्तर, ती दवाखान्याची. सांगणार आहे. या वेळी शेवट असा आहे — कांचन सिस्टरनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.