उताराचा कठडा

बाईंच्या डाव्या खांद्यावर कायम टाचण्यांची ओळ खोचलेली असे. शिवणकाम करणाऱ्या माणसाला टाचणीसाठी दर वेळी उठणं परवडत नाही, म्हणून ही सोय. ती ओळ बाजारात जायची, दवाखान्यात जायची, कुणाच्या मयतीलाही तशीच जायची. गल्लीने त्यांचं नाव टाचणीबाई पाडलं आणि ते असं घट्ट बसलं की खरं नाव त्यांनाही क्वचितच आठवे.

नवरा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकांशी झुंजले आणि म्हातारपणी डोळेच गेले. एकदम नाही गेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. पण माणूस घरात बसणारा नव्हता. दारासमोरून रस्ता खाली उतरायचा आणि त्याच्या कडेने एक जुना लोखंडी कठडा थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत जायचा. सकाळी घड्याळजी त्यावर तळहात ठेवून निघत. मध्ये एका जागी टेम्पोची धडक बसून कठडा आत वाकला होता. तिथे हात पोचला की ते पावलं जपून टाकत, कारण पुढे फरशी उखडलेली होती. खाली दुकानातल्या बाकावर बसून पेपर ऐकायचा, दोन शिव्या द्यायच्या, चार खायच्या, आणि हाताला गंज लावून घरी यायचं. तेवढा वेळ ते कुणाचे आंधळे नव्हते.

एका गिऱ्हाईक बाईने माप देता देता सांगितलं, "रहिवासी मंडळ तो कठडा काढायचं म्हणतंय हो. गाड्या लावायला जागाच उरली नाही ना."

टाचणीबाईंच्या हातातली कात्री थांबली. आठवड्याच्या आत त्या मंडळाच्या सभासद झाल्या.

"मंडळात? तू?" घड्याळजी हसले. "तिथे काय काजं करायची आहेत?"

"तुमचा कठडा जायचाय."

त्यांनी तळहाताला लागलेला गंज चोळला. मग म्हणाले, "जाईना का. काठी आहे की." काठी दारामागे उभी होती, तिच्या टोकाचं रबर अजून कोरं होतं.

मंडळाने बाईंना हातोहात घेतलं. आधी चहा करणाऱ्या वहिनी लेकीकडे राहायला गेल्या होत्या. "या ताई, घरचंच माणूस हवं होतं आम्हाला," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष तोंडाचे फार गोड. नाही म्हणायचं असलं तरी 'बघू या' म्हणणार. मागच्या बाजूला मोरी आणि गॅसची शेगडी होती, ती बाईंच्या वाट्याला आली.

एक-दोन बैठकांत बाईंनी बारकाईने पाहिलं. गटारावरून, कचऱ्यावरून जी काही हमरीतुमरी व्हायची ती चहाच्या आधी. कप हातात आला की मंडळी विरघळत. मघाशी एकमेकांच्या अंगावर धावलेले 'साखर बरोबर आहे ना?' असं विचारत. बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली: आपला विषय चहानंतर काढायचा. कापड ओलं असतानाच इस्त्री फिरते.

त्यांचं चुकलं ते एवढंच. त्या मंडळात चहानंतर कोणी विषय काढतच नसे. चहानंतर अध्यक्ष विचारत, "उरलेल्या विषयांना कोणाची हरकत नाही ना?" आणि कोणी बोललं नाही की सगळं मंजूर. ज्याला भांडायचं त्याने चहाआधी भांडून घ्यायचं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की नव्या माणसाला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

कठड्याच्या दिवशी बाईंनी चहा लवकर टाकला. आलं सढळ हाताने ठेचलं. सगळ्यांना कप दिले, आणि मग निवांत बोलता यावं म्हणून रिकामे झालेले कप विसळायला आत गेल्या. काय बोलायचं ते नळाखाली मनात घोळवत होत्या. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तशा ओल्या हातानेच धावल्या.

"अहो, कठड्याचा विषय राहिला ना?"

"झाला की ताई. मंजूर."

"पण मला बोलायचं होतं!"

"मग बोलायचं नाही का? मी विचारलं ना, कोणाची हरकत आहे का म्हणून."

"मी आत होते."

"आत म्हणजे मंडळातच की!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले.

"माझ्या माणसाचा रस्ता आहे तो," बाई म्हणाल्या. तेव्हा हसू थांबलं.

अध्यक्षांचा चेहरा खरोखर पडला. "आधी बोलायचंत हो. आता ठराव झाला. पण घड्याळजींना आम्ही कोणीही धरून नेऊ, त्यात काय एवढं!" आणि जाता जाता म्हणाले, "चहा मात्र फक्कड झाला होता."

कठडा कापायला माणसं आली त्या दिवशी घड्याळजी उंबऱ्यात बसून आवाज ऐकत होते.

"कुठवर आले गं?"

"वाकलेल्या जागेपाशी."

"हं."

दिवस मावळायच्या आत तिथे गाड्या लागल्या.

धरून न्यायला सुरुवातीला माणसं आली. अध्यक्ष स्वतः एकदा आले, दंडाला धरून सारखे 'हळू, हळू' करत होते. घरी आल्यावर घड्याळजी म्हणाले, "मला पोचवायलाच निघाल्यासारखे नेतात गं." पुढे येणारे आपोआप कमी झाले.

मग बाईच निघाल्या. घड्याळजींनी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि ते ओरडले, "अगं, टाचण्या!" बाईंनी ओळ उजव्या खांद्यावर घेतली. तरी शिवताना हात सवयीने डावीकडेच जायचा.

दोघं गाड्यांच्या आरशांना चुकवत खाली जात. न्हावी आदराने खुर्ची पुसून द्यायचा. पण बायको दाराशी उभी म्हटल्यावर कोणी शिवी देईना, चावट बोलेना. पेपरसुद्धा सभ्य आवाजात वाचला जाई. थोड्या वेळाने घड्याळजी म्हणत, "चल."

एक दिवस म्हणाले, "आज नको." मग तेच रोज म्हणू लागले.

मंडळात बाई अजून जातात. सभासदत्व सोडावं असं मनात आलं होतं, पण उतारावर पुन्हा काही बसवता आलं तर, या आशेने जातात. चहा आता दुसरीच कोणी करते. बाई दारालगतच्या खुर्चीवर बसतात आणि चहाच्या आधी हात वर करतात. अध्यक्ष म्हणतात, "बघू या."

परवा सकाळी मशीनवर बसताना त्यांनी टाचण्या खोचल्या. दुपारी धागा तोडताना लक्षात आलं, ओळ डाव्या खांद्यावर आहे. त्यांनी दाराकडे पाहिलं. घड्याळजी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

त्यांनी टाचण्या तशाच राहू दिल्या.