हायड्रोजनशेजारची मोकळी जागा

शेवगाव तालुक्यात छगन पेंटरचा ब्रश न लागलेली भिंत सापडणं अवघड. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीमागचे मोर, ‘येथे कचरा टाकू नये’, सगळं त्याचंच. फ्लेक्स आले तसे बाकीचे पेंटर रसवंती टाकून बसले, पण छगनला कोरी भिंत दिसली की हाताला खाज सुटायची. एकदा सासुरवाडीला जेवायला गेला आणि हात धुता धुता त्यांच्या न्हाणीघरावर साबणाची जाहिरात काढून आला.

गावच्या विद्यालयातल्या सीमा मॅडमनी त्याला चावडीसमोरच्या लांबलचक भिंतीवर आवर्तसारणी काढायला सांगितली. जगातली सगळी मूलद्रव्यं चौकटींत बसवायची, ज्याची त्याची जागा ठरलेली.

“म्हंजी दगड, पानी, मान्सं, म्हशी, समदं ह्याच्यातनंच झालंय?”

“सगळं,” मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून छगन भाकरीकडेही संशयानं बघू लागला. बायकोला, मुक्ताबाईला म्हणाला, “तुझ्यात लोखंड हाय.”

“तवा फेकून मारला तर तुमच्यात बी जाईल,” ती म्हणाली.

चौकटी आखून झाल्या. वरच्या ओळीत डाव्या टोकाला हायड्रोजन, उजव्या टोकाला हेलियम आणि मधे नुसता चुना. हे बघून सरपंच आप्पासाहेब चावडीवरून उठून आले.

“छगन, ही एवढी मोकळी जागा कुनाची?”

“कुनाचीच न्हाई. तशीच ठिवायची, मॅडम म्हनल्यात.”

“गावात घरकुलाला जागा मिळंना, अन् इथं पडीक? आन ह्यो टोकाचा कोन?”

“हेलियम. राजवायू हाय. कुनातच मिसळत न्हाई.”

आप्पासाहेबांना हा शेजार एकदम पसंत पडला. “माझी चौकट त्येला लागून टाक. नुसतं ‘आ’ ल्ही.”

बातमी विरोधी पार्टीच्या कल्याणला लागली. त्यानं हायड्रोजनशेजारची जागा मागितली. छगननं दोन्हीकडं पेन्सिलीनं आखलंसुद्धा. मॅडमनी हात धरला, तेव्हा विषय ग्रामसभेत गेला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हरकत नाही. पण सारणीत यायचं तर गुणधर्म लिहावे लागतात. आप्पासाहेब स्थायू, द्रव की वायू?”

सभा गंभीर झाली.

“स्थायू,” आप्पासाहेब छाती काढून म्हणाले.

“वायू!” कल्याण ओरडला. “मतदान झालं की दिसतो का कुठं?”

मग आप्पासाहेबांच्या पत्नी चांगुणाबाई पदर सावरून उठल्या. “माझे भाऊ आले की ह्यांचं पानी पानी हुतंय. द्रव ल्हा.”

घरच्याच माणसाची साक्ष म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आप्पासाहेब द्रव असल्याचा ठराव बहुमतानं मंजूर झाला. त्यांचा चेहरा पडला, पण जागा मिळतेय म्हणून त्यांनी तेही पचवलं.

“आता मोल,” मॅडम म्हणाल्या. “बारा केळी म्हणजे डझन. तसं सहावर तेवीस शून्यं, साधारण एवढे कण म्हणजे एक मोल. प्रत्येक मूलद्रव्याचा मोल असतो. तुम्ही सारणीत आलात की एक मोल आप्पासाहेब धरावे लागतील.”

“येवढे मी?” आप्पासाहेब खुलले. “मावतील का गावात?”

“पृथ्वीवरही मावणार नाहीत.”

त्यांनी टोपी नीट केली. मागं उभा असलेला छगन मान खाजवत म्हणाला, “पर मॅडम, ते समदे आप्पासाहेबच ना? मग सरपंचकीला फारम कितीजन भरनार?”

आप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर शेवगाव, राहाता, पार नगरपर्यंत आप्पासाहेबच आप्पासाहेब उभे राहिले. सगळे पांढऱ्या टोपीतले. सगळे एकाच खुर्चीकडं निघालेले.

“अन् त्यातल्या निम्म्यांनी फुटून पॅनल काढलं तर?” ते पुटपुटले. “माझी मागनी मी माघारी घेतो.”

कल्याणनंही मनातल्या मनात आपला मोल डोळ्यांसमोर आणला असावा. तो चप्पल शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी छगन सारणीखाली मोलचा तो आकडा पूर्ण शून्यांनिशी लिहीत होता. आप्पासाहेब शिडीपाशी आले.

“छगन, चार-दोन शून्यं कमी काढ की. कुनाला कळतंय?”

सरपंचाला नाही म्हणायची छगनची ही पहिलीच वेळ. “न्हाई जमायचं, आप्पासाहेब. लई बारीक काम हाय. शून्य चुकलं तर जगाचा हिशेब बिघडंल.”

आप्पासाहेबांनी चावडीतून खुर्ची मागवली आणि भिंतीसमोर टाकली. एखादं शून्य जास्त पडू नये म्हणून ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.