साहेब फुंकत नाहीत

कारखान्याच्या दारावरच्या रखवालदाराचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. सगळे त्यांना फुंकणीमामा म्हणत. रोज सकाळी येणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या तोंडापुढे दारू ओळखायचं यंत्र धरायचं, हे त्यांचं काम. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर घरी. एकदा सख्ख्या मेहुण्यालाच परत पाठवलं, तर बायकोने आठवडाभर अबोला धरला.

नियम मोठ्या साहेबांचा होता: मशीनला हात लावणाऱ्याने फुंकलंच पाहिजे. साहेब मंडळी हात लावत फक्त पेनाला. त्यामुळे ती सुटली!

एका दुपारी मोठे साहेब पाहुण्यांबरोबरचं जेवण आटोपून आले. गाल लाल, अंगात हत्तीचं बळ. क्रेनवर मामांचा जावई होता. दोन खेपांचं ओझं बघून साहेबांना चेव आला.

"एकाच खेपेत उचल!"

"साहेब, साखळी तुटेल. खाली माणसं आहेत."

"मी सांगतोय ना! उचल, नाहीतर घरी बस."

जावयाचा हात दांड्यावर गेला. दारावरून मामांनी हे पाहिलं. ते यंत्र घेऊन धावतच आले.

"साहेब, जरा फुंका."

"मी कुठे मशीनला हात लावतोय?"

"हात जावईबापूंचा, पण डोकं तुमचं चाललंय ना!"

शुद्धीवरचा माणूस इथे भडकला असता. साहेब मात्र खूश होऊन हसले. आपल्याला चढलेलीच नाही, याची त्यांना बालंबाल खात्री होती. त्यांनी छाती फुगवून फुंकलं. लाल दिवा लागला आणि यंत्र अख्ख्या आवारात बोंबललं. दांडा सोडून जावई खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना बोलावलं. मामांनी घरी आधीच सांगून ठेवलं होतं, नोकरी गेली म्हणून समज. पण साहेब चक्क ओशाळले होते.

"मामा, काल थोडक्यात वाचलो. दुपारच्या दारूचा धोका मला पटलाय. नियम बदललाय."

मामांना भरून आलं. त्यांनी कागद घेतला आणि तिथेच वाचला: 'यापुढे सर्व कामगारांनी जेवणानंतर पुन्हा फुंकावे.'

"आणि साहेब लोकांनी?"

"आम्ही कुठे क्रेन चालवतो, मामा?"

दुपारी साहेबांच्या पाहुण्यांची गाडी आत आली. मामांनी तिला सलाम ठोकला. मग रांगेकडे वळले. पहिला नंबर जावयाचा होता. मामांनी यंत्र पुढे केलं, पण त्याच्या डोळ्यांत बघायचं काही त्यांना जमलं नाही.