रसिकाची लोकल गार्डियन

उल्हासराव गेल्यापासून दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये चंद्रप्रभाबाई एकट्याच. मुलगा मानस कॅनडात. मायेनं येणारी एकच, रसिका. पुण्याच्या मैत्रिणीची ही मुलगी फरीदाबादला डॉक्टरकी शिकत होती. हॉस्टेलमधून रात्री बाहेर राहायचं, तर फक्त लोकल गार्डियनच्या घरी. आणि लोकल गार्डियन म्हणजे बाई.

शेवटच्या वर्षी तिचं येणं थांबलं. "काकू, ड्यूटी आहे," एवढाच फोन.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात बाईंनी शेजारणीजवळ मन मोकळं केलं, "रसिका संक्रांतीलाही फिरकली नाही हो." शेजारणीचा नवरा त्याच कॉलेजात प्राध्यापक. गोष्ट त्याच्या कानावर गेली. हॉस्टेलच्या नोंदवहीत तर दर शनिवारी रसिका 'काकूंकडे' असायची! खरं म्हणजे ती मुनिरक्याला, एका मुलाच्या खोलीवर जात होती.

कॉलेजच्या शिस्त समितीनं बाईंना बोलावलं. चारित्र्याचा दाखला नाही, तर इंटर्नशिप नाही.

"आंटीजी, जो लड़की घरवालों से झूठ बोले, वो मरीज़ से सच बोलेगी?" अध्यक्षांनी विचारलं. रसिका खाली मान घालून बसली होती.

बाई हिंदीत अडखळत बोलू लागल्या. उल्हासराव अतिदक्षता विभागात होते, तेव्हा मोठे डॉक्टर रोज म्हणायचे, ठीक हो जाएँगे. दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोर मात्र बाईंना कोपऱ्यात घेऊन म्हणाली होती, "काकू, मानसदादाला आजच बोलवा." म्हणून बापलेकांची भेट झाली.

"इसने मुझसे भी झूठ बोला, बुरा लगा. पर वो मेरे घर की बात है. मैं बीमार पड़ूँ, तो इसी को बुलाऊँगी."

दाखला मिळाला.

बाहेर आल्यावर रसिका म्हणाली, "मंडळात तुम्हीच बोललात ना?"

"अगं, तू येत नाहीस एवढंच म्हटलं. मला काय ठाऊक!"

"मलाच विचारायचंत, काकू."

"खरं सांगितलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याला घरात घेतलं असतंत?"

समितीपुढे बोलून आलेल्या बाई आता पर्समध्ये रिक्षाचे सुटे पैसे शोधू लागल्या. सोसायटीतली माणसं डोळ्यांपुढे आली, पुण्याची मैत्रीण आली. हो म्हणायला एक श्वास पुरला असता.

रसिकानं वाकून नमस्कार केला आणि वॉर्डाकडे निघून गेली.