पडलेल्याच्या मागे उतरायचं नाही

मला राग लवकर येतो, हे आमच्या अख्ख्या शिवाराला ठाऊक आहे. तरी अमरावतीला राजापेठेतल्या एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी म्हणे कोळशाच्या खाणीत आहे. ऑफिसात असेल ना?", तेव्हा मी शांतपणे घास गिळला. म्हटलं, "नाही हो. खाली उतरते. आधी ती जाते, मग माणसं तिच्या मागून जातात." बाई "अगबाई" म्हणाल्या आणि जिलबीवाल्याला हाक मारली. मग मात्र आला राग. माझी लेक जमिनीच्या पोटात माणसांचे जीव राखते आणि या बाईला जिलबीची पडली होती!

आमचा वरुडाजवळ संत्र्याचा मळा आहे. मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, दोघं मिळून करतात. भाजीपाला मी बघते. मुलगी राजापेठेत खोली करून शिकली आणि पुढे तिनं खाणकामाचा डिप्लोमा घेतला. मला वाटलं, शिकेल आणि कुठंतरी टेबलाशी बसेल. पण बायांना जमिनीखाली उतरायची परवानगी मिळाली आणि ही पोट्टी वणीकडच्या एका खाणीत हेल्मेटावर दिवा लावून उतरली. आता ती ओव्हरमन आहे. पाळीतल्या माणसांना पुढं जाऊ द्यायचं की मागं फिरवायचं, हे ती ठरवते. खाणीत तिच्या नावापुढे 'साहेब' लावतात. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्याकडे राहून आलेल्या दिरानं सांगितलं. मी ते चार जणींना सांगितलं. जास्तही असतील.

सुट्टीवर आली की ती घरातही ओव्हरमनच असते. काठी घेऊन गोठ्याच्या जुन्या लाकडी छताला ठोकून आवाज ऐकते. खाणीत म्हणे असंच छताला ठोकून बघतात, आवाज पोकळ आला की दगड सुटलेला समजायचा. दीर तिला इन्स्पेक्टरीण म्हणून चिडवायचा. ती हसायची. पण एका गोष्टीवर हसत नसे. जेवताना एकदा दिरानं विचारलं, "खाणीतला सगळ्यात मोठा नियम कोणता वं?" तिनं हातातली भाकर खाली ठेवली. म्हणाली, "पडलेल्याच्या मागे उतरायचं नाही. पयला माणूस गॅसनं मरते, काका. बाकीचे मायेनं मरतात." मी ओरडले, "जेवताना हे काय बोलणं आहे?" आणि तिच्या ताटात पिठलं वाढलं.

गेल्या वैशाखात ती आली तेव्हा मळ्यातली विहीर आटत चालली होती. गाळ काढल्याशिवाय झाडं तगली नसती. विजेचा काही भरवसा नाही, म्हणून डिझेलचं इंजिन विहिरीतल्या दगडी टप्प्यावर उतरवलं होतं. वरून एवढ्या खोलचं पाणी ओढलं जात नाही, इंजिन आतच ठेवावं लागतं. तोंडावर तीन पायांची लोखंडी घोडी, तिला कप्पी आणि कप्पीतून दोर. सकाळभर इंजिन धडधडत राहिलं, तळ उघडा पडला आणि डिझेल संपून ते बंद झालं.

आता आमच्याकडची रीत सांगते. तळ दिसला की मजूर उतरायच्या आधी विहिरीचा मालक उतरतो. खाली हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, वर येतो. मगच गाळाला हात लागतो. आपल्या विहिरीत आधी आपला जीव घालायचा, मग दुसऱ्याचा. माझ्या सासऱ्यांनी केलं, आमचे मालक करत आले. घाबरून मजुराला आधी उतरवणाऱ्या मालकाला आमच्या भागात कोणी विचारत नाही. मला ही रीत आवडते. आजही आवडते.

मी पूजेचं ताट आणलं. मुलीनं विहिरीत वाकून पाहिलं, नाक वर करून वास घेतला आणि ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

"कोणी उतरायचं नाही. इंजिनाचा धूर आतच आहे."

दिरानं आधीच दोरीला बांधून पणती खाली सोडली होती. पिढ्यान्‌पिढ्या सगळे तेच करतात. पणती टप्प्याजवळ मस्त जळत होती. तो म्हणाला, "घ्या इन्स्पेक्टरीणबाई. दिवा जळून राह्यला. हवा बराबर आहे."

"काका, कोंदट हवेनं दिवा इझते, हे खरं. पण या धुरातलं जहर दिव्याले कळत नाही. त्याले वासबी नाही. दिवा तसाच जळते अन् माणूस इझते."

मालक चपला काढून तयार होते. "अवं, तू जन्माले यायच्या आंधीपासून मी या इहिरीत उतरून राह्यलो."

"तवा इंजिन वर होतं, बाबा. पाणीबी वर होतं."

हे खरं होतं. पण चार मजुरांच्या देखत लेकीनं बापाला अडवायचं म्हणजे काय! मीही तिला म्हटलं, "जाऊ दे न बाई, उतरतील आन् येतील." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका मजुराला फवारणीचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर आणायला पिटाळलं. संत्र्याच्या झाडांवर औषध उडवायचा तो मोठा पंखा आमच्या खालच्या मळ्यात उभा होता. "विहिरीत हवा मारू, चांगली घटकाभर मारू. मग तुमीच पयले उतरा, बाबा. आमच्या खाणीतबी ज्याच्यावर जबाबदारी तोच पयले जाते. पण हवा पाहून जाते."

मालकांना थांबणं जमतच नाही. दुपार टळायच्या आत नारळ फुटला पाहिजे, हे एकच धरून बसले. बाप ऐकत नाही म्हटल्यावर तिनं दोराचं टोक घेतलं आणि त्यांच्या काखेखालून गुंडाळायला लागली.

"मले बैल समजली का वं? दावं बांधून राह्यली!"

"बैल असते तं एवढं बोललीच नसती. हात वर करा."

मजूर हसले, मीही हसले. तिनं गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली. म्हणाली, "मी हाक मारीन. तुमी ओ द्यायची. ओ आली नाही तं मी इचारणार नाही, वर ओढीन."

मालक कुरकुरत लोखंडी शिडीनं उतरले. ती कठड्याशी पोटावर पडून हाका मारत होती. "बाबा!" खालून खणखणीत "हाव!" पुन्हा "बाबा!" पुन्हा "हाव, हाव, जिवंत हाव!" दीर हसला. ते टप्प्यावर पोचले, इंजिनाला वळसा घालून खाली वाकले, कुंकवाची पुडी सोडत असावेत. तिनं हाक मारली. "हाव" आला, पण पेंगुळलेला, झोपेतून उठवल्यासारखा. पुढच्या हाकेला ओ आली नाही. मी वाकून बघितलं. ते इंजिनाला टेकून बसले होते आणि मान छातीवर पडली होती.

"ओढा!" ती ओरडली.

पण माझा दीर दोराकडे गेलाच नाही. तो शिडीकडे धावला. त्याला त्याच्या या भावानं खांद्यावर बसवून वाढवलं आहे. एक पाय त्यानं शिडीवर टाकलाही होता. मुलीनं झेप घेऊन त्याचा सदरा धरला. तो टरकन फाटला, तसा तिनं त्याच्या कमरेला विळखा घातला आणि त्याला घेऊन मागं कोसळली. तो तिला शिव्या देत होता. मी काय ओरडत होते देव जाणे. "उतरा हो, कोणीतरी उतरा!" असंच काहीतरी असणार. ती शिडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि असल्या आवाजात बोलली की मी तिला जन्म दिला यावर क्षणभर माझाच विश्वास बसेना.

"एकबी माणूस खाली जाणार नाही. दोर धरा. काका, दोर! आई, तूबी!"

आम्ही धरला. मजूर, दीर, मी, ती. दोर जड लागला, मग सरकला. मालक भिंतीला घासत, गोल फिरत वर येत होते आणि ती मोजक्या शब्दांत सांगत होती, हळू, थांबा, आता ओढा. कठड्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. तिनं त्यांना उघड्यावर आडवं केलं, गाठ सोडली, कान छातीला लावला, तोंडानं श्वास भरला. पुन्हा भरला. माय गं, त्या वेळचं मला अजून आठवायला नको वाटतं. मग ते खोकले आणि ओकले. नवरा ओकला म्हणून एवढा आनंद झालेली बाई मीच असेन. ब्लोअरचा ट्रॅक्टर तेव्हा कुठं बांधावरून येताना दिसला.

वरुडाच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तसंच अमरावतीला हलवलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मी म्हटलं, उशीर होऊ दिला नाही तिनं, ती माझी मुलगी आहे. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालक बरेच सावरले. मास्क होता, पण डोळे उघडे होते. दीर खाटेच्या पायथ्याशी मोसंबी सोलत बसला होता. एकच फळ तो केव्हाचा सोलत होता. शेवटी त्यानं मान वर न करता मुलीला विचारलं, "अन् दोर बांधला नसता तं?"

तिनं बापाच्या पायावरची चादर सारखी केली.

"सांग न. ते आईकत नव्हते. नसता बांधू देला तं? तवाबी मले अडवलं असतं?"

"हाव," ती म्हणाली.

"अन् तू? तू तरी उतरली असती?"

"नाही. ब्लोअर येईपर्यंत उभी राह्यली असती."

"बाप खाली पडेल असता तरी?"

"हाव, काका."

विहिरीवर जी हलली नव्हती ती आता भिंतीला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला माझं तोंड वाचायचं होतं. मला ते लागलं, नाही कशाला म्हणू? कुंकू माझं होतं.

तेवढ्यात मालकांनी मास्क बाजूला केला. मी दटावलं, पण ऐकतील तर ते मालक कसले. भावाकडे बघून दम खात खात म्हणाले, "तिचं काय चुकलं असतं? तू आला असता माह्या मागं. मी वाचलो असतो का नाही, देवाले ठाऊक. तू तं गेलाच असता. मले शुद्धीवर येऊन तुहं मढं पाह्यचं नव्हतं."

दिराच्या हातातली मोसंबी खाली पडली. तो मोठ्यानं रडला, लहान मुलासारखा, वॉर्डातली माणसं बघायला लागली तरी थांबेना. मी मालकांचा मास्क पुन्हा नीट बसवला. मग मुलीजवळ गेले आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"बरोबर केलं असतं तू," मी म्हणाले. नवऱ्याच्या उशाशी उभं राहून बायकोनं असं म्हणावं का? पण मी म्हणाले आणि छाती भरून म्हणाले.