घरजावयाच्या पोटऱ्या

धनजच्या मारोतरावांनी जावई निवडला तो पोटऱ्या पाहून.

घरात मुलगा नव्हता, बायको वारलेली. एकटी पंचफुला आणि नाल्यापलीकडे काळ्या मातीचं वावर. म्हणजे घरजावई हवा, आणि मारोतरावांच्या लेखी घरजावई म्हणजे राबणारा गडीच, फक्त त्याचं ताट घरात वाढायचं. बैल घेताना ते दात पाहत, खूर पाहत, शेपटी पिळून पाहत. केनवडच्या बाजारात त्यांना इंद्रभान दिसला तेव्हा तो गाडीवरून ज्वारीची पोती उतरवत होता. धोतर वर खोचलेलं, आणि खाली पोटऱ्या अशा भरीव, की मारोतराव आपण कशाला आलो होतो तेच विसरले. पोराला बाप नाही, आई आहे, जमीन नावापुरती, एवढं विचारून ते घरी आले आणि भावकीला म्हणाले, "पोटऱ्या पाह्यसान त म्हणसान, हा एकटाच जोडीचं काम करन."

केनवड इतकं लांब, की त्या घराची चौकशी करायला धनजात कोणाचा सोयराही नव्हता. आणि चौकशी कसली करायची? पोटऱ्या तर समोर दिसत होत्या.

हे सगळं एकोणीसशे बावीस-तेवीसच्या सुमाराचं. पंचफुला तेव्हा पंधरा वर्षांची होती. सुरुवातीला तिलाही नवऱ्याच्या पायांचा अभिमान वाटला. धुणं धुताना बायका चिडवायच्या, "बापानं पह्यलवान आणला वो तुह्यासाठी," आणि ती लुगडं जरा जास्तच जोरात आपटायची.

अभिमान दोन-तीन हंगाम टिकला. मग इंद्रभानच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. वखर हाकून आला की रात्रभर विव्हळायचा. पुढे त्याची चाल बदलली. टाचा टेकेनात. पोट पुढे, कंबर मागे, असा डुलत चवड्यांवर चालायला लागला. मारोतराव म्हणाले, "जहागीरदार झाला लेकाचा. पोट काढून चालते." सपाट अंगणात तो पडायचा आणि उंबऱ्याला शिव्या द्यायचा. उंबरा तिथून दहा हात लांब असायचा.

उठणं तर बघवत नसे. आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत तो उभा राहायचा. पंगतीत सगळे हात धुऊन सुपारी कातरायला लागले तरी हा पत्रावळीसमोर बसलेला. लोकांनी पाहायला नको म्हणून तो थांबायचा, आणि लोक म्हणायचे, मारोतरावांचा जावई जेवणाला भारी पक्का आहे. हे ऐकून पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी तो अर्धी भाकर टाकून उठत होता.

मग उपाय सुरू झाले. येणारा प्रत्येक माणूस एक उपाय सांगून जायचा आणि तो करायचा पंचफुलाने. करडीच्या तेलाने चोळ. बिब्बा घाल. बोकडाच्या पायांचा रस्सा पाज. चोळून चोळून तिची मनगटं सुजली. मारोतरावांनी तर बैलांना डाग देणारा माणूस आणला आणि त्या भरलेल्या पोटऱ्यांवर दोन्ही बाजूंनी डाग देववले. जखमा चिघळल्या, त्या धुवायलाही पंचफुलाच. बैल डागाने चालायला लागतो, मग जावई का लागत नाही, हे मारोतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

इंद्रभान स्वतः काही गरीब गाय नव्हता. काठी घे म्हटलं तर, "मी म्हातारा झालो काय?" हात दिला तर, "हात नोको लावू." नाही दिला तर, "मरून पडलो तरी पाह्यनार नाई तू." दिवसातून कितीदा तरी पंचफुला परसात जाऊन भिंतीशी बोलून यायची.

लग्नाला आठेक वर्षं झाली तेव्हा तो एकदा नाल्याच्या चढावर पडला आणि धापा टाकू लागला. त्या धापा रात्रीही थांबेनात. शेजारच्या उस्मान पिंजाऱ्याने बैलगाडी जुंपली आणि दोघांना कारंज्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पोटऱ्या दाबून पाहिल्या, छातीला नळी लावली, आणि भलताच प्रश्न विचारला.

"आईच्या भावांपैकी कुणाला असं होतं का?"

"मामा?" इंद्रभान म्हणाला. "मामा त बसूनच राहे. मी लहान होतो त मले वाटे, मामा म्हनजे बसनाराच राह्यते."

डॉक्टर म्हणाले, ही घराण्यातून येणारी व्याधी आहे. पोटऱ्यांचा फुगवटा म्हणजे ताकद नव्हे, आतलं मांस झिजत चाललं आहे. हृदयही मांसाचंच असतं, तेही थकत आहे. औषध नाही. जड काम करू नका, आणि कृपा करून पुन्हा डाग देऊ नका.

परत येताना पंचफुला वाटभर पाठ करून बसली. इंद्रभान दोनदा म्हणाला, "आता मह्यावर कायले चिडून राह्यली?" तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याची आई प्रयागबाई केनवडहून नातवंडांना, नात आणि नातू दोघांना, भेटायला आली. इंद्रभान मांड्यांवर हात देत उठला, तशी तिने मान दुसरीकडे वळवली. पंचफुलाने ते पाहिलं आणि भाकरी तव्यावर तशीच ठेवून ती समोर येऊन बसली.

"मामाचं काहून नाई सांगतलं?"

"काय सांगतलं असतं?"

"हेच. का घरात असं हाये."

"माह्या भावाले होतं. मायच्या भावाले बी होतं म्हने," प्रयागबाई म्हणाली. "पन तुह्या बापानं इचारलं काय? त्यानं पोटऱ्या पाह्यल्या, मी त्या झाकून नव्हत्या ठेवल्या. अन् सांगतलं असतं त कोनं देल्ली असती पोरगी माह्या लेकाले?"

"अन् मले कोनं इचारलं?"

"आपल्याले कोन इचारते, माय? तुले नाई, मले नाई. भाकर जयून राह्यली पाय तुही."

भाकर खरंच जळाली होती. पंचफुलाने ती सासूच्याच ताटात वाढली.

गावातले लोक आता तिच्या मुलाच्या पोटऱ्या निरखायला लागले होते. पंचफुला मात्र मुलीकडे पाहत राहायची. आजीचा भाऊ, मग मामा, मग भाचा. बहिणी धडधाकट, आणि त्यांच्या पोटी हे. मुलगी सात वर्षांची होती आणि दिवसभर माकडासारखी झाडावर चढायची. पंचफुला उगाचच तिच्यावर खेकसायची, "उतर खाली!" मुलगी उतरायची नाही.

पेरणीचा प्रश्न तिने त्याच साली सोडवला, पण कोणाला सांगितलं नाही. आमच्या भागात तिफणीमागे चालून बी सोडायला बाई चालते. तिफण धरून बैल हाकायला चालत नाही. बाईचा हात लागला की जमीन रुसते म्हणतात. पंचफुला भल्या सकाळी नवऱ्याला गाडीत बसवून नाल्यापलीकडे न्यायची आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला टेकवून ठेवायची. मुलगी बी सोडायची. तिफण ती स्वतः धरायची. बैल इंद्रभानच्या आवाजाचे होते, म्हणून तो बसल्या जागेवरून ओरडायचा, हा धर, तो वळव. ओरडताना दम लागायचा, मग तो खोकायचा, आणि बैल खोकल्यालाही थांबायचे. पंचफुला अर्ध्या ओळीत अडकायची आणि वैतागून म्हणायची, "खोकायचं असन त तास सरल्यावर खोका!" रस्त्याने जाणाऱ्याला फक्त आवाज ऐकू यायचा. मारोतरावांच्या गुडघ्यांना नाला उतरवत नव्हता. तेही रस्त्यावरूनच आवाज ऐकून परत जायचे.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मारोतरावांनी भाकर मोडता मोडता लेकीला सांगितलं, "इंद्रभानले केनवडले पोचवून देऊ. काडीमोड करून टाकू. धोत्र्याचा एक बिजवर हाये, तुहा पाट लावून देतो. वावराले मानूस पाह्यजे."

पंचांसमोर नवऱ्याने काडी मोडली की बायको सुटते, मग दुसऱ्याशी तिचा पाट लागतो. जातीत ही रीत होतीच. पण केनवडला प्रयागबाई एकटी. पायांवर सूज, आडवं झालं की दम लागतो, अशा माणसाला तिथे बसवायचं कोणी आणि उठवायचं कोणी? तो पावसाळाही काढणार नाही, हे पंचफुलाला स्वच्छ दिसत होतं.

"ते मोडनार नाई काडी," ती म्हणाली.

"त्यानं हो म्हटलं."

ती तशीच आत गेली. इंद्रभान बाजेवर बसून भिंतीकडे पाहत होता.

"मोडतो मी काडी," तो म्हणाला. "तू तरी सुटशीन."

"सुटून जाऊ कोठी? त्या बिजवराच्या भाकरी थापाले?"

"तो सुखात ठेवन तुले."

"कोनं सांगतलं? त्याच्या पोटऱ्यानं?"

इंद्रभानने धोतर पोटऱ्यांवर ओढून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी पंच पाराजवळ जमले तेव्हा तो उस्मानच्या गाडीतून आला आणि खाली सतरंजीवर बसला. पाटलांनी तुरीची एक काडी त्याच्या हातात दिली.

"तुही मर्जी हाये ना, इंद्रभान?"

"हाये."

बायका एका बाजूला पदर ओढून उभ्या होत्या. त्यांच्यातून पंचफुला पुढे आली.

"थांबा. मले बोलाचं हाये."

"पंचाईतीत बाईचं काय काम?" मारोतराव ओरडले.

"लगन माह्यं, अन् कामच नाई? बाबा म्हनते, वावर हाकाले मानूस पाह्यजे. मंग दोन साल वावर कोनं हाकललं?"

"यानंच. मी सोता आवाज ऐकला."

"आवाजच ऐकला. तिफन मी धरली."

बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. कोणीतरी "अवं माय" म्हणालं. पाटलांनी तोंडातलं पान गालात सारलं.

"बाईनं तिफन धरली?"

"धरली. अन् ज्वारी आली. औंदाची ज्वारी लय जोरात म्हनून समद्या गावाले बाबाईनंच सांगतलं."

उस्मानचं वावर त्यांच्या वावराला लागूनच होतं. तो गाडीजवळून म्हणाला, "सच्ची बात हाये, पाटील. मी दोन सालापासून पाहून राह्यलो."

"मंग चूप कायले बसला?"

"कोनं इचारलं मले? अन् त्याईची ज्वारी माह्यापेक्षा चांगली. कोन्या तोंडानं सांगू?"

मागची माणसं हसली. मारोतराव हसले नाहीत. ते मुलीकडे असे पाहत होते, जशी ती आत्ताच कुठून तरी पाहुणी म्हणून आली आहे.

"मी मोडतो म्हटलं ना," इंद्रभान खाली पाहून म्हणाला. "तू कायले—"

"तुमी चूप बसा. वावरात बोलता तेवढं पुरे." ती बापाकडे वळली. "बाबा, तुमची एक पारख मी भोगून राह्यली. दुसरी भोगाची ताकत नाई माह्यात. हे मानूस कसं बसते, कवा चिडते, कोन्या कुशीवर निजलं का दम लागते, मले समदं माहीत झालं. दहा वर्सं गेली तेवढ्यात. आता नवा मानूस पह्यल्यापासून कोन शिकन?"

पाटलांनी इंद्रभानच्या हातातली काडी काढून घेतली आणि बाजूला टाकली. बाईचं मन नसताना काडीमोड होत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. तिफणीचं मात्र प्रायश्चित्त घ्यावं लागेल. मारुतीला नारळ, तिफणीवर गोमूत्र, आणि पुढच्या पेरणीला तिफण पुरुषानेच धरायची.

"कोन्या पुरुषानं?" पंचफुलाने विचारलं.

पाटलांनी गालातलं पान पुन्हा चघळायला घेतलं.

"मी धरीन," मारोतराव तुसडेपणाने म्हणाले.

"आधी नाला उतरून दाखवा."

पंच उठले, माणसं पांगली. इंद्रभान सतरंजीवर तसाच बसून होता. घरी बाजेच्या आधाराने तो कसाबसा उभा राहत असे, इथे जमिनीवरून ते शक्य नव्हतं. पंचफुला वाकली, तशी तो दबक्या आवाजात म्हणाला, "लोकाईसमोर हात नोको लावू."

"मंग राहा बसून बैलपोयापर्यंत."

ती खरोखरच दोन पावलं मागे सरली. मारोतराव निघाले होते, ते वळले. येऊन जावयामागे उभे राहिले, बगलांत हात घातले आणि पोतं उचलावं तसा हिसका दिला. इंद्रभान कळवळला.

"बाबा! बगलेत हात घालून ते उठत नाई. खांदे वर येते अन् मानूस खालीच राह्यते. मागून बसा. कंबरेले मिठी मारा."

मारोतरावांनी कंबरेला हात घातले न घातल्यासारखे केले.

"घट्ट! लाज वाटून राह्यली काय?"

"वाटून राह्यली," मारोतराव म्हणाले.

"मले बी," इंद्रभान म्हणाला.

"मंग लाजत लाजत उठा दोघंबी. माह्यी डाय चुलीवर हाये."